आमच्या कॉलनीतली खाण

कॉलनीच्या कोपऱ्यावरचं भंगारचं दुकान मी उठवलं. महापालिकेने नाही, नगरसेवकाने नाही, मी. आणि त्याच आठवड्यात ‘स्वच्छ ऊर्जा आणि मोलाची खनिजे’ या विषयावर भाषण ठोकून मी शाल-नारळही घेतला होता.

मी जळगावात रसायनशास्त्र शिकवतो. लिथियम, कोबाल्ट, निकेल आपल्याला बाहेरून आणावं लागतं. तेव्हा जुन्या बॅटऱ्या, मोटारी, तारा हीच आपली खाण, असं मी भाषणात गरजलो. टाळ्या भरपूर पडल्या. लगेच धुळ्याहूनही बोलावणं आलं. देशाचं भलं व्हायला आता फक्त माझाच दौरा बाकी होता.

त्या रविवारी असोद्याच्या एका शेतात कॉलनीची भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, धुराने डोळ्यांना धार लागली होती, आणि मी शेजारच्या नगरसेवकाला सांगत होतो, “भाऊ, ते कोपऱ्यावरचं भंगार हटवा. बॅटऱ्या काय, तारा काय! हवा खराब होते. सभ्य वस्ती आहे आपली.”

“बठ्ठं हुई जाई, सर, सगळं होईल. आधी भरीत तर घ्या!”

संक्रांतीच्या आत दुकानाचे पत्रे उचलले गेले. दुकानवाले चाचा हातगाडीवर सामान लादत होते तेव्हा मी गॅलरीतून पाहिलं आणि आत जाऊन चहा घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी फुगली. शोरूमवाला म्हणाला, “नवी घ्या, जुनीचं तुम्ही बघा.” घंटागाडीवाल्याने तिला हात लावला नाही. बायको म्हणाली, “तुमची ती खाण आधी माझ्या घरातून बाहेर काढा.”

शेवटी रिक्षा करून हायवेपलीकडे चाचांचं नवं दुकान गाठलं. दुकान कसलं, बाभळीखाली ताडपत्री.

“आओ सर, आओ!” चाचांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. “इधर कोई आताच नहीं. कॉलनीत बायका घरातलं आणून द्यायच्या. अब धंदाच नहीं, तो मेरा लड़का सुरत चला गया. किसी कमीने ने शिकायत की. आप को पता होता, तो आप जरूर रोकते.”

मी मान हलवली. अगदी गंभीरपणे हलवली. बॅटरी त्यांनी ठेवून घेतली. मी रिक्षात बसलो, रिक्षा सुरूही झाली. मग रिक्षा थांबवली आणि उतरलो.

“चाचा, तक्रार मीच केली होती. तो कमीना मी. तुमचं काम मोलाचं, असं लोकांना सांगत फिरलो आणि तुम्हालाच उठवलं. फार चुकलं माझं. मला माफ करा.”