डिग्रीला हात न लावणारी कळ

आदिलाबादच्या त्या छापखान्यात मालक दोन बोटांनी टाइप करायचे, आणि इंग्रजी मजकूर सगळाच्या सगळा कॅपिटलमध्ये. पत्रिका वाचताना कुणी अंगावर ओरडतंय असं वाटे. म्हणून मी कॉम्प्युटरवर स्वतःचा एडिटर, म्हणजे मजकूर सुधारायचा प्रोग्राम, लिहिला. त्यात एक कळ दाबली की मजकुरातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं राही, बाकीची लहान होत. मला त्याचा भारी माज होता.

पण आमच्याकडे लग्नपत्रिकेत नवरीच्याच काय, मामा-काकांच्या नावापुढेही डिग्री लागते. नाही छापली तर माणूस मांडवात रुसून बसतो. बेला गावच्या एका गुरुजींनी लेकीच्या पत्रिकेच्या नमुन्यात 'M.a.' पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पोरीनं बसचे धक्के खात एम.ए. केलं. तुमी तिचा 'ए' बारका काऊन केला?"

मालकांना निमित्तच मिळालं. कॉम्प्युटर विकत घ्यायला आलेला व्यापारी चहाची वाट बघत बाकावर बसलेलाच होता. "तुझं खेळणं बंद," ते मला म्हणाले, "मी हे डबडं इकून राह्यलो." म्हणजे माझा एडिटर संपला, आणि मी पुन्हा हाताने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला.

"चहा येईस्तोवर थांबा," मी तडकून म्हणाले.

राग मालकांचा नव्हता, माझ्याच कळीचा होता. ती कुणाला न विचारता सगळ्यांवरून वरवंटा फिरवत होती. नाव कुठलं नि डिग्री कुठली, हे मशीनला काय कळणार? ते वाचणाऱ्यालाच कळतं. मी कळीचं काम तोडून लहान केलं. आता ती एकच शब्द बदलणार आणि पुढच्या शब्दावर जाऊन थांबणार. शेजारची कळ दाबली, तर शब्द आहे तसा सोडून पुढे जाणार. दोन बोटं, दोन कळा.

चहा आला, निवला. मी मूळ, सगळा कॅपिटलमधला मजकूर पुन्हा उघडला. गुरुजी पाठीशी उभे राहिले. बोटं धावू लागली तशी डिग्री आली की तेच ओरडत, "सोडा! सोडा!" सगळे मामा, सगळे काका सुखरूप पार पडले. नवरीचा 'ए' ताठ उभा होता.

"आता छापा," गुरुजी डोळे पुसत म्हणाले.

मालक बाकाकडे वळले. "मशीन नहीं बेचना, सेठ."

खिळ्यांची पेटी मी पार वरच्या फळीवर ठेवून दिली. इतका आनंद मला माझ्या बी.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.