फौजदार मावशीची चांदणी

आमची थोरली मावशी कुलपांच्या कारखान्यात कामाला होती. लग्न होऊन आली त्याच वर्षी लागली आणि केस पिकल्यावर सुटली. मधे दुसऱ्या मालकाचं तोंड तिनं पाहिलं नाही. काम एकच. नव्या कुलपाला चुकीच्या किल्ल्या लावायच्या.

कुलूप स्वतःच्या किल्लीनं उघडतं का, हे शेजारच्या टेबलावर बघत. परक्या किल्लीनं उघडत नाही ना, हे मावशी बघायची. पुढ्यात परक्या किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. एकेक घालायची, फिरवायची, हिसका द्यायची. उघडलं तर कुलूप रद्दी. नाही उघडलं तर भोकाखाली पोलादी ठशानं एक खूण ठोकायची, तांदळाच्या कणीएवढी चांदणी. प्रत्येक तपासनिसाची खूण वेगळी. चांदणी फक्त मावशीची.

नोकरी लागली तीही अशीच. म्हाताऱ्या मालकानं आलेल्या बायकांना एकेक कुलूप आणि किल्ली दिली आणि म्हणाला, "बघा बरं, कसं आहे." बाकीच्यांनी उघडलं, छान आहे म्हणाल्या. मावशीनं दिलेली किल्ली बाजूला ठेवली, कमरेची आपल्या घराची किल्ली काढली आणि ती आत घालून खुडबुड करायला लागली.

"अहो बाई, किल्ली दिलीय ना तुम्हाला?"

"त्या किल्लीनं उघडणारच की. त्यात काय बघायचं?"

म्हातारा हसला म्हणतात. बाकीच्या बायका चहा पिऊन घरी गेल्या.

आता दिवसभर संशय घ्यायचा ज्याला पगार मिळतो, तो माणूस संध्याकाळी घरी येऊन भोळा कसा होणार? दूधवाल्याचं माप मावशी डोळ्यांनी बघायची आणि वर बोटानं चाचपायची. लेकासाठी मुलगी बघायला गेली तेव्हा तिला एकच प्रश्न तीनदा विचारला: एकदा चहाआधी, एकदा चहानंतर, एकदा निघताना जिन्यात. उत्तर तिन्ही वेळा तेच आलं म्हणून ती पोरगी आज तिची सून आहे. कारखान्यात तर तिला सगळे फौजदारच म्हणायचे. मावशीला त्याचा राग नव्हता. उलट कुणी नुसतं मावशी म्हटलं की तिच्या मनात पाल चुकचुकायची, ह्याला काय हवंय?

पण त्या नोकरीनं तिला भरभरून दिलं, हेही खरं. दोन खोल्यांचं घर झालं, लेक शिकला. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मावशी कुणाला सांगायची नाही, पण काकांना माहीत होती. काका म्हणजे तिचा नवरा, शिंपी माणूस. एकदा दोघं परगावी गेली होती. दुपारची वेळ, दुकानं बंद. एका दाराला लटकलेल्या कुलपावर मावशीला आपली चांदणी दिसली. झालं! बाई तिथंच उकिडवी बसली आणि कुलपाला हिसके द्यायला लागली. शेजारच्या माडीवरून कुणी तरी "चोर, चोर!" ओरडलं. काका हात जोडून लोकांची समजूत घालतायत आणि ही आपली मान वर न करता म्हणतेय, "घट्ट आहे. अजून घट्ट आहे."

तर अशी मावशी निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी कारखान्यात खुर्च्या मांडल्या, चहा-बिस्किटं झाली. मुकादमानं भाषण केलं. ज्यानं जन्मभर "फौजदार, हात उचला, माल थांबलाय" एवढंच म्हटलं, तो म्हणाला की ह्या बाईंसारखं माणूस पुन्हा होणे नाही. मावशी काकांच्या कानात कुजबुजली, "कुठंतरी पाणी मुरतंय." मग टेबलावरच्या बायकांनी तिला मखमली डबी दिली. आत पितळेचं झकास कुलूप, घासून लख्ख केलेलं, आणि किल्ली.

घरी आल्यावर सुनेनं डबी कपाटावर ठेवली. जेवणं झाली. मावशी उठली, डबी खाली काढली.

"अगं, भेट आहे ती," काका म्हणाले. "तिला तरी सोड."

"सोडते की. एकदा बघते आणि सोडते."

तिनं कपाटाची किल्ली घातली. कुलूप खट्‌कन उघडलं.

सुनेच्या पेटीची घातली. उघडलं. काकांच्या दुकानाची घातली, तरी उघडलं. मावशीनं कुलूप दिव्याखाली धरलं. भोकाखाली चांदणी होती.

मग मात्र ती कुलूप मांडीवर घेऊन खाली बसली. रद्दी माल गळ्यात मारला असता तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. पण ह्यावर चांदणी होती. म्हणजे एक तर तिच्याच हातून हे पास झालं होतं, बोटं म्हातारी झाली होती आणि तिला कळलंच नव्हतं. मग अशी आणखी किती कुलपं कुणाकुणाच्या दारांना लटकत होती? नाही तर तिच्यामागं दुसरंच कुणी तिची चांदणी ठोकत होतं.

"मुकादमच," ती म्हणाली. "बहिणीच्या आजारपणात मी रजेवर होते ना, तेव्हा मेल्यानं ठसा काढला असणार. म्हणून कालपर्यंत शिव्या आणि आज भाषण!"

"आणि तुझ्याच हातून गेलं असलं तर?" काकांनी भीत भीत विचारलं.

मावशी आपला अंगठा बोटांवर घासत बसली.

सकाळी ती कारखान्याच्या फाटकावर उभी. पहारेकरी म्हणाला, "फौजदार, आता तुम्ही पाहुण्या. आत विचारून येतो."

"विचार. आणि मुकादमाला सांग, पळून जाऊ नकोस म्हणावं."

तिनं ते कुलूप टेबलावर आदळलं तेव्हा यंत्रांच्या आवाजातही सगळ्या बायकांनी माना वर केल्या. मुकादम धावत आला.

"ही चांदणी कुणी मारली?"

मुकादमानं कुलूप बघितलं, मग चष्मेवालीकडं बघितलं. चष्मेवाली म्हणजे मावशीच्या शेजारी बसून काम शिकलेली बाई, आता तिच्या जागेवर आलेली. तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती.

"इतक्यात लावून पाहिलंत? आम्ही पैज लावली होती. मी म्हटलं आठवडा तरी जाईल."

"कुणी मारली, ते सांग."

"मावशी, परकी किल्ली अडवणाऱ्या आतल्या पत्त्याच काढल्यात आम्ही. भोकात जाईल त्या किल्लीनं उघडतं. मुद्दाम केलंय तुमच्यासाठी. जन्मभर तुम्ही किल्ल्या घातल्या आणि एकीनंही उघडलं नाही की खूश. म्हटलं, आता घरी बसून एक तरी कुलूप मजेत उघडू दे."

"म्हणजे माझ्या हातून गेलेलं नाही?"

"छे! तुमच्या हातून कधी गेलंय?"

मावशीनं मोठा श्वास सोडला. बायकांना वाटलं, आता डोळ्यांना पदर लावणार. कुणी तरी पाण्याचा पेलाही पुढं केला.

"कानस द्या," मावशी म्हणाली.

"मावशी, अहो गंमत..."

"गंमत घरी नेते मी. उघडीन रोज. पण सगळ्या किल्ल्यांनी उघडणाऱ्या कुलपावर माझी चांदणी? कानस द्या!"

तिनं कुलूप पकडीत आवळलं आणि स्वतः घासून चांदणी काढली. पितळेचा भुगा फुंकला, त्या जागेवर अंगठा फिरवून बघितला, परत घासलं. मग चष्मेवालीपुढं हात पसरला.

"ठसा."

"मी तोच वापरणार होते," चष्मेवाली आता हसत नव्हती. "मुकादम म्हणाले, बाजारात चांदणीला मान आहे."

"बघा! मुरतंय म्हटलं होतं मी." मावशीनं मुकादमाकडं असं बघितलं की तो यंत्र तपासायला वाकला. "बाई गं, तू काम चांगलं करतेस. पण तू चुकलीस तर माझं नाव का जावं? आणि बरोबर निघालीस तर तुझं का जावं? तुझी खूण तू पाड."

ठसा तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून घरी नेला.

ते कुलूप आता तिच्या खिडकीच्या गजाला असतं. सकाळी चहा झाला की एकदा सुनेच्या किल्लीनं उघडते, एकदा काकांच्या. "काय बावळट कुलूप आहे," म्हणते, आणि परत लावते.

पुढं काही महिन्यांनी ती बाजारात गेली आणि एक नवं कुलूप विकत घेऊन आली. भोकाखाली चंद्रकोर होती, चष्मेवालीची. घरातल्या सगळ्या किल्ल्या गोळा केल्या, शेजाऱ्यांच्याही मागून आणल्या. दुपारभर बसली. काकांनी दोनदा चहा केला. एकही किल्ली लागली नाही.

"मग?" काका म्हणाले. "आता तरी पटलं?"

मावशीनं कुलूप उलटंपालटं केलं, शेवटचा हिसका दिला.

"हे एक झालं," ती म्हणाली. "उद्या दुसऱ्या दुकानातून आणू."