कुंकू लावलेला कॅमेरा

आमच्या घरात चोरण्यासारखं काहीच नव्हतं, हे चोरांनाही माहीत होतं.

आई सांगते, एकदा खरंच एक चोर येलहंकातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत शिरला होता. त्यानं सगळे डबे उघडून पाहिले आणि जाताना दाराची कडी नीट लावून गेला. (माझ्या मते चोर आलाच नव्हता. पण आईच्या गोष्टीत तो दरवर्षी जास्त सभ्य होत चाललाय.) खोलीत होतं तरी काय? एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि मी. बाबा लवकर गेले. आईनं पायानं मशीन चालवून अख्ख्या वस्तीच्या साड्यांना फॉल लावले, झंपर शिवले आणि मला कॉलेजात घातलं. आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरात गेल्या, सगळ्या सुईदोऱ्यावर. पदवी घेतलेली पहिली मी. ते प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून मशीनच्या वर अशा जागी टांगलंय, की माप देताना गिऱ्हाइकानं मान वर केली की ते वाचावंच लागतं.

पुढे पत्र्याच्या जागी पक्कं घर झालं आणि मला बेळ्ळंदूरला नोकरी लागली. येलहंकाहून रोज जाऊन-येऊन काम करायचं, तर मधल्या मध्ये रिंगरोडवरच म्हातारपण येईल, म्हणून मी ऑफिसजवळ एक छोटं घर भाड्यानं घेतलं.

पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. पाय मुरगळला, उठता येईना. शेजारच्या गिरिजाक्का झंपर न्यायला आल्या तेव्हा कुठे तिला उठवलं. मला हे आईनं सांगितलंच नाही. पुढच्या रविवारी गिरिजाक्कांनी सांगितलं, तेही मी ऐकून हबकले तेव्हा ‘अय्यो, तुला ठाऊक नाही काय?’ असं म्हणत.

मी आईला म्हटलं, आता पुरे, माझ्याकडे चल.

“तिथं काय करू?” आई म्हणाली. “लिफ्टमधनं वरखाली?”

शेवटी तडजोड झाली, तीही तिनंच सुचवलेली. “तू म्हणतेस तो कॅमेरा लाव. दसऱ्यापर्यंत बघू. नीट चालला तर मी इथंच राहणार. बिघडला तर मशीन उचलून तुझ्याकडे येते.”

आई उभ्या आयुष्यात त्या गल्लीबाहेर राहायला गेलेली नाही. म्हणजे हा शब्द तिनं केवढं पणाला लावून दिला होता, ते मला कळत होतं. मी कॅमेऱ्याची निवड शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसारखी मनावर घेतली.

ऑफिसातल्या प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या उलट सांगितलं. एक म्हणाला, मान फिरवणारा घे. दुसरा म्हणाला, फिरणारी मान आधी मोडते. चित्रीकरण आतल्या कार्डावर साठवायचं की महिन्याचे पैसे भरून कंपनीकडे ठेवायचं, अंधारात दिसतं का, नेट गेलं तर काय, भिंतीपलीकडून वायफाय पोहोचतं का... शेवटी मी या विषयावर व्याख्यान देण्याइतकी तयार झाले आणि दिलंही. आई काजं करता करता ऐकत होती.

तिच्या अटी थोड्याच होत्या. देवघर दिसता कामा नये, न्हाणीघर तर नाहीच, आणि रंग पांढरा हवा.

“आणि वायर नाही म्हणालीस ना?”

“नाही, आई. बिनवायरचा.”

खोकं उघडल्यावर तिनं आतली वायर दोन बोटांत धरून वर उचलली. “मग ही काय परकराची नाडी?”

मी सांगितलं, ही नुसती करंटची, चित्र मात्र हवेतून जातं. “सरी,” आई म्हणाली. (आमच्याकडे ‘सरी’ म्हणजे ‘बरं’. आईच्या तोंडी मात्र तो निकाल असतो, आणि आपण हरलेलो असतो.)

मला सगळ्यात आवडला होता तो त्यातला बोलण्याचा प्रकार. मोबाइलवर बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. आपला आवाज कॅमेऱ्यातून निघतो. बटण सोडलं की पलीकडचं ऐकू येतं. दाबून धरलेलं असेल तोवर मात्र आपल्याला काहीच ऐकू येत नाही. हे मी आईला मराठीत आणि गिरिजाक्कांना कन्नडमध्ये नीट समजावलं. आईच्या मोबाइलमध्येही सगळं बसवून दिलं. दोघींनी माना हलवल्या. पदवीचं चीज झालं.

कॅमेरा प्रमाणपत्राच्या शेजारी लागला.

पहिल्याच आठवड्यात तो येणाऱ्या बायकांच्या मागे मान फिरवू लागला. बायका माप द्यायला तयार होईनात. मग माप घ्यायची वेळ आली की आई त्याच्यावर झंपराचं कापड टाकायची, आणि मी ऑफिसात बसून जांभळ्या फुलांची नक्षी बघायची. मशीनचा पट्टा हलला की माझा मोबाइल वाजायचा, ‘हालचाल आढळली’. आई दिवसभर मशीनवर असते. आमच्या साहेबांची समजूत झाली, की मला मित्रमंडळी फार. आईला मात्र कॅमेरा आवडला होता. पिशवी उचलून ती त्याच्याकडे बघून म्हणायची, “भाजी आणून येते हं,” आणि तो मान वळवून तिला दारापर्यंत पोचवायचा.

असं करता करता दसरा उद्यावर आला.

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, आमच्या ऑफिसला सुट्टी नव्हती, कारण काम परदेशाचं. पण पूजा झाली. प्रिंटरला हार घातला, दारावरच्या हजेरीच्या यंत्राला टिळा लावला, माझ्या लॅपटॉपवरही कुणीतरी हळदीकुंकवाची बोटं उमटवून झेंडूचं फूल ठेवलं. प्रसाद खात मी सवयीनं मोबाइल उघडला.

पडदा लाल.

बंद करून पुन्हा उघडला. लाल. मशीन नाही, दार नाही, आई नाही. नुसता गडद लाल.

फोन केला. वाजत राहिला. गिरिजाक्कांना केला. तोही वाजत राहिला. मग मी ते बटण घट्ट दाबलं आणि सगळ्या ऑफिसासमोर ‘आई, आई’ म्हणून हाका मारू लागले. पलीकडून श्वाससुद्धा ऐकू येईना. पिशवी तिथेच टाकून मी खाली धावले आणि मिळेल त्या रिक्षात बसले.

माझ्या समोर कुंकू लावलेला लॅपटॉप होता, हे मी पुन्हा एकदा नमूद करते. त्यावरून मला काहीही सुचलं नाही.

रिंगरोडवर गाड्या मुंगीसारख्या चालल्या होत्या. के. आर. पुरमच्या पुलापाशी मुंगीही थांबली. रिक्षाच्या काचेवर केळीचे खुंट बांधलेले, त्यामुळे पुढचं मला दिसत नव्हतं आणि बहुधा रिक्षावाल्यालाही नाही. मी बटण दाबून हाका मारतच होते. “स्वल्प दमानं, अक्का,” तो मला म्हणाला. वाटेत दर दुकानासमोर कोहळे फुटून पडले होते. दृष्ट उतरवायला कोहळ्यात कुंकू भरून तो उंबऱ्यापुढे फोडतात, ही आमच्या गावची रीत. रिक्षा त्या लालभडक फोडी चुकवत चालली होती. मी त्या सगळ्या पाहिल्या. तरीही नाही.

येलहंकात गल्लीच्या तोंडाशीच उतरून पळत सुटले. आमच्या पायरीवर लालच लाल पसरलं होतं, त्यात काहीतरी पांढरं मऊ. मी तिथेच बसले आणि रडायला लागले.

हळदीकुंकवाचं तबक घेऊन आई दारात आली.

“कोहळ्यात काय बसलीस? डाग जातील काय त्याचे?”

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं पाहिला आणि आत बोट दाखवलं. मशीन, कात्री, इस्त्री, मिक्सर अशी सगळी ओळीनं कुंकू लावून, फुलं वाहून बसली होती. आणि भिंतीवर कॅमेरा. गळ्यात झेंडूची माळ, आणि नेमका भिंगावर अंगठाभर कुंकवाचा टिळा. त्याला कपाळ दुसरं होतं कुठे?

“आणि फोन का नाही उचललास?”

आईनं पाटाकडे मान केली. तिथे तिचा फोन होता, त्याच्या बाजूला गिरिजाक्कांचा, दोन्ही हळदीकुंकू लावलेले. “फोनपण आयुधच की. पूजेत बसवलेलं हलवतात काय?”

“मी इतक्या हाका मारल्या!”

“मी ओ देत होते की. घसा बसला माझा. तू बटण सोडलंस तर ऐकू येणार ना?”

गिरिजाक्कांनी मागून कन्नडमध्ये पुस्ती जोडली, की हे तर त्यांनाही माहीत होतं.

मी तोंड धुऊन आले, तरी आई तशीच उभी होती. तबकातलं कुंकू उगीच बोटानं सारखं करत हळूच म्हणाली, “म्हणजे कॅमेरा बिघडला काय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिला दसऱ्याचा वायदा आठवतोय. एवढं रामायण झाल्यावर मी ‘बिघडला’ म्हणाले असते, तर ती चकार शब्द न काढता मशीन बांधायला बसली असती.

“नाही,” मी म्हटलं. “समोर कुंकू होतं, त्यानं कुंकू दाखवलं. अगदी नीट चालतोय.”

“मग मी इथंच?”

“इथंच.”

“सरी.”

मग तिनं पान वाढलं. पुरणपोळीवर मी कशी तुटून पडले, ते दोघी बघत होत्या. आईनं विचारलं, सकाळी काय खाल्लंस? प्रसाद, मी म्हटलं. आणि काल रात्री? मी आठवू लागले. आठवेना.

“माझ्यावर नजर ठेवायला अख्खी गल्ली आहे,” आई म्हणाली. “तुझ्यावर कोण आहे?”

गिरिजाक्का जोरजोरात मान हलवू लागल्या, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

आता आई येलहंकातच राहते, आपल्या घरात, आपल्या मशीनपाशी. बेळ्ळंदूरला माझ्या स्वयंपाकघरात तसलाच दुसरा पांढरा कॅमेरा आहे आणि जेवणाच्या वेळी त्यातून आईचा आवाज येतो. आज भाजी कुठाय, ताक घेतलंस का, ते पाकीट कसलं? मी खुलासा करत असते, पण तिकडे काही पोहोचत नाही, कारण आई बटण सोडतच नाही. मी वेळेवर जेवते, हे मात्र खरं. कॅमेऱ्यातलं सगळं मी पारखून घेतलं होतं. तो कोणाकडे तोंड करून लावायचा, एवढंच आईनं बघितलं.