सगळ्यांच्या अंगात मामाचा कोट

माझ्या मामाचं धड गावातल्या बऱ्याच घरांच्या भिंतींवर टांगलेलं आहे. डोकी तेवढी दुसऱ्यांची.

दचकू नका. मामाचा फोटो स्टुडिओ आहे, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. हल्ली लग्नातले फोटो ज्याचे त्याने मोबाइलवर काढायचे दिवस आलेत, त्यामुळे मामाच्या वाट्याला उरली मेलेली माणसं. माणूस गेला की घरच्यांच्या लक्षात येतं, अरे, याचा एक धड फोटो नाही! मग हाताला लागेल तो घेऊन येतात. कुणाच्या तोंडात घास, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचा अर्धा चेहरा मेव्हण्याच्या कानामागे. मामा डोकं अलगद कापून घेतो, डोळे उघडतो, दाढी उतरवतो आणि खाली कोट चढवतो. "जन्मभर यांना कुणी नीट बसवलं नाही," तो म्हणतो, "शेवटी मीच बसवतो."

कोट एकच. करडा, वरचं बटण उघडं, डावा खांदा बोटभर खाली. कोटही मामाचा आणि आतलं अंगही मामाचंच, वय वर्षं अठ्ठावीस. लग्न ठरवताना मामीला पाठवलेला तो फोटो. तो बघूनच तिने होकार दिला होता. पुढे मामाने तो कॉम्प्युटरवर घेतला, स्वतःचं डोकं उडवलं आणि धड कामाला लावलं. दुसऱ्याचं अंग वापरलं तर उद्या कुणी भांडायला यायचं. आपलं आपल्याला कोण विचारतंय?

"मी हो म्हटलं एकाला," मामी म्हणायची, "आणि त्याच्या मानेवर रोज नवीन मुंडकं. मी ओळखायचं कसं?"

"कोट बघ ना. कोटात काय बदल आहे?" मामा म्हणायचा.

मी खालच्या मेडिकलमध्ये कामाला. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी वर, मामाच्या पंख्याखाली. अशाच एका दुपारी मागच्या गल्लीतली शिवणकामवाली बाई जिना चढून आली. तिच्या नवऱ्याचा फोटो मामाने चार महिन्यांपूर्वी केला होता. पंप दुरुस्त करायचा तो. उभ्या आयुष्यात त्याने कोट घातला नव्हता.

"भाऊ, हे स्वप्नात येतात," ती म्हणाली.

"येणारच वहिनी. घरचं माणूस आहे."

"तुमच्या कोटात येतात. डावा खांदा धरून उभे राहतात. म्हणतात, इथे दुखतं, त्याला सांग."

"वर गेल्यावर बढती मिळालेली दिसते. कोट म्हणजे साहेबच झाले!" मामा हसला.

बाई हसली नाही. मीही हसलो नाही, कारण मामा महिनाभर माझ्याकडून मलम नेत होता. डाव्या खांद्यासाठी. कुणाला सांगायचं नाही, या अटीवर.

आठवड्याने रिक्षावाला आला. त्याचे वडील पोस्टमन होते. त्याची नि शिवणकामवालीची ओळख नाही, दोघं गावाच्या दोन टोकांना राहतात. "काका, रागावू नका," म्हणाला, "बाबा स्वप्नात येतात, कोटाची बाही ओढत. म्हणतात, आत फार जण आहोत रे, दाटी होते. ज्याचं अंग आहे तो कधी येतोय, विचार. तो आला की आम्ही सरकून घेऊ."

ते धड मामाचं आहे, हे गावात आम्हा तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोवर त्याचा डावा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, काही निघालं नाही. मामी सकाळी त्याला शर्ट चढवून द्यायची आणि एक दिवस तिथेच खाली बसली. "अहो, काढा तो कोट त्यांच्या अंगातून. सगळ्यांच्या. नाहीतर माझ्या घरात तुमचा फोटो लागेल, आणि तोही त्याच कोटात."

मामा सायकल हातात धरून घरोघर गेला. फोटो जुना पडलाय, फुकट नवा करून देतो, असं सांगत प्रत्येकाकडून गेलेल्या माणसाचा एक शर्ट आणला. आधी त्याने शर्ट हँगरला अडकवून फोटो काढले. ते भयंकर दिसले, वाळत घातलेल्या कपड्यांवर कुणी डोकी ठेवून गेल्यासारखे.

"आत अंग पाहिजे," मामा पुटपुटला. स्वतः बसून पाहिलं, तर खांदा इतका उतरलेला की शर्ट लोंबायला लागला.

"मामा, मी बसतो की," मी म्हणालो. "माझे खांदे तसेही रिकामेच आहेत."

त्याने शर्टांच्या घड्या घालणाऱ्या मामीकडे बघितलं आणि कॅमेरा उचलला. इतकं साधं गणित आम्हा तिघांपैकी एकालाही सुटलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आमच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त मामाचा खांदा होता.

दोन दुपारी मी मेलेल्यांचे शर्ट घालून स्टुलावर बसलो. पंपवाल्याच्या शर्टाला ग्रीसचा वास होता, उजव्या बाहीचं बटण मला लागेना, म्हणून तेवढी दुमडली. नवे फोटो भिंतींवर गेले. पाचव्या दिवशी मामाचा हात डोक्यावर पोहोचला. त्याने स्वतःचा भांग स्वतः पाडला आणि मामी आरशाशेजारी उभी राहून रडली.

पंधरा दिवसांनी शिवणकामवाली आली. चेहरा हसरा.

"भाऊ, उपकार झाले. काल आले होते, स्वतःच्या शर्टात. खांद्याचं काही बोलले नाहीत. फक्त उजवी बाही दुमडलेली होती. ते कधी दुमडत नसत हो."

मी नकळत माझी उजवी बाही खाली ओढली.

"काही म्हणाले?" मामाने विचारलं.

"म्हणाले, आता ऐसपैस आहे. तरुण अंग आहे. बाकीच्यांनाही बोलावलंय." मग माझ्याकडे वळून ती कौतुकाने म्हणाली, "तुमचंही विचारत होते, कसा आहे पोरगा?"

ती जिना उतरून गेली. मामा उठला नाही. त्याने फक्त विचारलं, "कुठला?"

मी उजव्या खांद्यावर हात ठेवला. तीन दिवस झाले होते. वरच्या फळीवरचे खोके काढताना उसण भरली असेल, असं मी धरून चाललो होतो.

मामाने कॉम्प्युटर सुरू केला. पंपवाल्याचा फोटो उघडला, माझं अंग पुसलं आणि त्या जागी करडा कोट आणून बसवला. मग पोस्टमन. मग पुढचा. मी त्याचा हात धरला.

"मामा, नको. मामीला काय सांगणार?"

"हात सोड. तुझं लग्न व्हायचंय अजून," तो म्हणाला. "माझा फोटो पसंत होऊन गेलाय."

हसलो आम्ही. त्याने पुढचं डोकं उचललं, उजव्या हाताने. डावा मांडीवर पडून होता.