चकचकीत आकडा

दसरा जवळ आला की माझं डोकं तापायला लागतं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये पोलादी सुटे भाग भट्टीत तापवून टणक करतात. मी तिथं प्रयोगशाळेत, आणि आमचे हे भट्टीवर फोरमन. घरी भांडून पोट भरत नाही म्हणून की काय, देवाने आम्हाला कामही एकाच ठिकाणी दिलं.

भट्टी जमिनीत, खड्ड्यात. माल भरलेली टोपली एका जाड आकड्याला लटकवून आत सोडतात आणि आकडाही टोपलीबरोबर आतच लाल होत राहतो. भट्टीत सोडायला गार टोपली उचलताना ती झुलू नये म्हणून खाली उभं राहून तिला हात लावायचा, हे काम ह्यांचं. दुसऱ्या कुणाला देतील तर शपथ!

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी हे आणि भट्टीवरची कोल्हापूरकडची मंडळी तारेचे ब्रश घेऊन त्या आकड्यावर तुटून पडायची. आरशासारखा करून सोडायची.

"अहो, तो गंज नव्हे!" मी दरवर्षी घसा फोडून सांगायची. त्या पोलादात क्रोमियम असतं. तापलं की अंगावर पातळ, घट्ट काळी साल धरते आणि तीच आतल्या पोलादाला राखते. ती खरवडली की ते स्वतःचंच अंग खाऊन नवी साल धरतं. त्यात रोज तापायचं, रोज निवायचं, रोज ओझं उचलायचं. तार सारखी वाकवली की तुटते, तसं पोलादही थकतं. वर ब्रशचे ओरखडे, म्हणजे चिरेला आयतं दार.

"वर्साचो दिस," हे म्हणायचे, "काळ्या आकड्याक फूल कसा घालू?"

"सासूबाईंचा पोळ्यांचा बिडाचा तवा कुणी घासला तर त्या घर डोक्यावर घेतात. तेव्हा गप्प बसता ना?"

"तव्याची खय आयुधपूजा करतत? तू गप रव गो!"

गाढवापुढे वाचली गीता. आकडा बदला म्हणून साहेबांकडे गेले, तर ते आकड्याकडे बघून म्हणाले, "एवढा चकचकीत तर आहे!" कपाळ माझं!

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली टोपली उचलायची होती. आकड्यावर कालचा झेंडूचा हार तसाच. ह्यांनी तो काढला. निर्माल्य पायाखाली येऊ नये म्हणून दाराजवळच्या परडीत ठेवायला गेले. तेवढ्यात वर क्रेनवर बसलेल्याने टोपली उचलली. आवाज मी प्रयोगशाळेत ऐकला आणि पळत सुटले. शेडभर धूळ, टोपली आडवी, आकड्याचे दोन तुकडे. मग दारापाशी हे दिसले, हातात हार तसाच धरलेला.

"दसऱ्यान राखल्यान माका," हे म्हणाले.

असा संताप आला! ज्या दसऱ्याने आकडा खाल्ला, श्रेय त्यालाच? तिथंच फडाफडा बोलले, बोलता बोलता रडले. आणि घरी येऊन देवापुढे नारळ मीच ठेवला. काय करणार?

दुसऱ्या दिवशी तुटलेला तुकडा ह्यांच्यासमोर धरला. तुटलेला भाग जवळजवळ सगळा काळा पडलेला. चीर जुनी, तिच्यात भट्टीची हवा शिरून साल धरलेली. फक्त एका कडेला नखाएवढी जागा पांढरी, लखलखीत.

ह्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं. "ही बरी आसा मगो?"

"होय," मी म्हटलं. "तितकीच बरी होती. बाकीचा कधीच तुटलेला. तुम्ही रोज खाली उभे राहायचात, ते तेवढ्याच्या भरवशावर."

ह्यांचं बोट बराच वेळ तिथंच होतं.

यंदा नव्या आकड्याला हळद-कुंकू लावलं ते काळ्या सालीवरच. उठून दिसत नव्हतं. साहेबांनी नाक मुरडलं. आदल्या दिवशी ह्यांनी शेडमधले सगळे तारेचे ब्रश गोळा करून माझ्या टेबलावर आणून ठेवले होते.

"तुज्याकडे ठेव," म्हणाले. "माझो हात गप ऱ्हवाचो नाय."