सिकंदरची रेघ

दोन हजार पाचचा पूर ओसरला, तेव्हा पाट्या रंगवणाऱ्या सिकंदरनं पाण्याच्या खुणेवर घराच्या भिंतीला रेघ ओढली. कृष्णाकाठची ती गल्ली पुढं त्या रेघेच्याच भरवशावर जगली. एकोणीस साली पाणी चढू लागलं. "रेघंच्या वर येत न्हाई," म्हणत त्यानं अंथरुणाला खिळलेल्या आईला, खातूनबीला, माळ्यावर निजवलं आणि म्हैस गावाबाहेर बांधायला गेला. परत आला तर गल्लीत शिरता येईना. मागितलेली नाव तिसऱ्या दिवशी आली. खातूनबी माळ्यावरच होती. पाणीही.

मग सरकार जागं झालं. गल्लीनं नाव मागितली होती, सरकारनं रंग दिला. पूररेषा दाखवायला घराघरावर लाल पट्टा मारायचं काम सिकंदरलाच मिळालं. त्यानं ते केलं. पोट कुणाला चुकलंय?

यंदा धरणातनं पाणी सोडलं, भोंगा वाजला. सिकंदर दारोदार ओरडत सुटला, "आवं, निघा!" शेजारच्या हरणाबाईनं पत्र्याला खेटून, लाल पट्ट्याच्या वीतभर वर, नवा माळा टाकून लुळ्या नवऱ्याला त्यावर चढवलं होतं. ती हसली.

"भितोस कशाला रं? पट्टा तूच मारलायस की."