पाठीमागचा केर

दिग्रसला कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यानं जिनिंगकडे गाड्या जातात आणि उडालेला कापूस माझ्या दोन खोल्यांत येऊन बसतो. सकाळी झाडावं, तर दुपारी पलंगाखाली पुन्हा पांढरे पुंजके. फडा घेऊन वाकलं की कंबर धरते. हे एकदा फोनवर माझ्या तोंडून निसटलं आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं फर्मान काढलं, "मी आली की तुले बिनवायरचं व्हॅक्यूम क्लीनर घेऊ."

ती येतेय, एवढंच मी ऐकलं.

आली, पण परतीचं तिकीट काढूनच. मशीन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. मग काय, दुकानात मी नवरदेव पाहायला गेल्यासारखी एकेक मशीन नापसंत करत सुटले. एक जड होतं. दुसऱ्याच्या आवाजानं शेजारी भांडायला आले असते. तिसऱ्यात काही खोट सापडेना, तेव्हा म्हटलं, "उद्या पुसदच्या दुकानात पाहू."

लेक हसली. "आई, घर झाडाचं आहे ना तुले? का लगन लावाचं आहे त्याचं?"

दुकानदार मोठा चिवट. त्यानं फरशीवर भुसा टाकून सगळा ओढून दाखवला. "काकू, दोन खोल्यांले हे लहानवालंच बेस्ट. हलकं आहे, भिंतीले टांगून ठेवा. एका चार्जिंगमध्ये पूरं घर होते."

आता खोट काढायला जागा उरली नाही. मनात होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. "घरातलं माणूस गावाले गेल्यावर हे लगेच चालवता येते का?"

"नाही काकू, हे हातानंच चालवा लागते. घरी कोणी नसताना आपोआप फिरते ते रोबोटवालं वेगळं. दाखवू का?"

आमच्याकडे माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठीमागे केर काढत नाहीत. ते पोचल्याचं कळेपर्यंत फडा कोपऱ्यातच राहतो. हे त्याला कोण समजावणार? लेकीला मात्र कळलं. तिचं हसू मावळलं. तिनं ते लहान मशीन बांधायला सांगितलं आणि बाहेर आल्यावर माझा हात धरला.

"आई, सुट्टीच नाही वं मले."

"मी कुठं काय म्हटलं?" मी फणकारले. राग तिच्यावर नव्हता. इतकं बिनखोट मशीन बनवणाऱ्यांवर होता.

सकाळच्या बसनं ती गेली. दिवेलागणीनंतर फोन आला, "पोचली मी. आता बिनधास्त लाव तुहं मशीन."

त्यानंतर तिनं दोनदा विचारलं, मशीन कसं चालते म्हणून. दोन्ही वेळा मी मस्त म्हणून थाप मारली. मशीन भिंतीवर आहे, कोरं करकरीत. ती सुखरूप पोचली, आता झाडायला कशाचीच हरकत नाही. पण पलंगाजवळ बसून तिनं वेणी घातली होती, तिथं तिचे लांब केस पडले आहेत. ते उचलले की घरात माझ्याशिवाय कोणाचंच काही उरणार नाही. मशीन नुसतं जवळ नेलं तरी ते ओढून घेईल, म्हणून मी रोज तेवढी जागा सोडून झाडते, फड्यानं, कंबर धरून.